'जांभळं ऊन'मधली रिकामी जागा

शेठने छापखान्यातून आलेलं कार्ड माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "नाव बरोबर आहे ना, अजीजभाई? नंतर म्हणू नका, चुकलं."

नाव बरोबर होतं. कॅसेटच्या डबीत घालायचं ते कार्ड. वर जांभळा सूर्य आणि खाली बारीक अक्षरांत 'संगीत संयोजन : अजीज सतारमेकर'. दहा वर्षं मी ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या आवाजात गात आलो होतो. निवेदक माझं नावसुद्धा धड घेत नसे, 'मिरजेचा आवाज' म्हणून मोकळा होई. स्वतःचं छापलेलं नाव मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण नजर त्यावर ठरेना, कारण वर सूर्याच्या पोटात ठळक छापलं होतं : 'सतरा वर्षं न गायलेली ओळ, मूळ गायिकेच्या आवाजात प्रथमच'.

"बाई येतायत ना वेळेवर?" छाजेड शेठ म्हणाले. "चार वाजता भजनवाले येणार. त्याच्यापुढे एक मिनिट मिळायचं नाही."

"येतील की."

"आणि ओळ?"

"ओळ पण गातील," मी म्हणालो.

त्या ओळीबद्दल मी बाईंना एका अक्षरानं विचारलेलं नव्हतं.

हे अठ्ठ्याऐंशी सालचं, पुण्यातलं. गाणं मात्र एकाहत्तरचं आणि आमच्या मिरजेचं. सॅम्युएल गायकवाड म्हणून एक गृहस्थ होता, मिशनच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचा आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टरांच्या मुलांकडे त्यानं तिकडच्या तबकड्या ऐकल्या आणि त्याचं डोकंच फिरलं. त्यानं फुटक्या रेडिओतून गिटार घुमवली, माझ्या अब्बांना सतार घेऊन शेजारी बसवलं, आवाजाचे पडसाद एकमेकांत गुंतवले. शब्द तर असे लिहिले, की पायऱ्या चढत गेलं की तळं लागतं आणि तळ्यात उतरलं की आभाळ. लोक त्याला गांजाचं गाणं म्हणत. सॅम्युएलनं जन्मात सुपारी खाल्ली नव्हती.

'जांभळं ऊन' हे द्वंद्वगीत होतं. तो विचारतो, ती उत्तर देते. ती म्हणजे सांगलीची हेमलता रिसबूड, तेव्हा चोवीस वर्षांची. तिसऱ्या कडव्यात तो विचारतो, 'सांग ना, परत कधी येशील?' आणि तिथे तबकडीवर उत्तरच नाही. दोन आवर्तनं नुसती सतार. मग तोच म्हणतो, 'बरं, मग दार उघडंच ठेवतो.'

त्या रिकाम्या जागेनं गाणं गाजवलं. बँडवाले ते वरातीत वाजवत, ट्रम्पेट म्हणजे तो आणि क्लॅरिनेट म्हणजे ती. तिथे आले की बँड थांबायचा आणि नाचणारे हात वर करून जागच्या जागी उभे राहायचे. तमाशात त्या जागी सोंगाड्या विनोद मारून घ्यायचा. एका भजनी मंडळानं त्याच चालीवर देवाचे शब्द बसवले आणि तिथे डोळे मिटून घेतले. शाळांच्या गॅदरिंगला मुली पाठ फिरवून उभ्या राहत. आमच्या ऑर्केस्ट्रात तिथे दिवे घालवत आणि अंधारात कोणीतरी हमखास शिट्टी मारी. ती मेली असणार, असं निम्मे लोक म्हणत. तिचं लग्न झालं असणार, असं उरलेले. सॅम्युएल एकोणऐंशी साली गेला आणि त्याची वही कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. अब्बांना विचारलं की ते सतारीच्या खुंट्या पिळत म्हणायचे, "ते बाईंना विचार." सत्त्याऐंशीत अब्बाही गेले.

शेठना या सगळ्या अवतारांची मिळून एक कॅसेट काढायची होती. एका बाजूला बँड, भजन, डिस्को. दुसऱ्या बाजूला मूळ बाईंनी नव्यानं गायलेलं मूळ गाणं, सॅम्युएलच्या जागी मी. मी सांगलीला जाऊन भेटलो तेव्हा बाई आधी नाहीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उस्मानचाचांचा मुलगा आहेस म्हणून येते. पण जसं होतं तसंच गाईन." मी "तसंच" म्हणालो. इकडे शेठ नुसत्या जुन्या गाण्याला तयार होईनात, तर त्यांना सांगितलं की बाई ती ओळ गाणार आहेत. एकदा माइकपुढे उभ्या राहिल्यावर बाई चारचौघांत नाही म्हणायच्या नाहीत, असं मी धरून चाललो होतो. आज त्या वेळच्या स्वतःचा मला राग येतो. पण तेव्हा मी तिशीचा होतो आणि नाव छापून यायचं होतं.

साडेदहाला दारात रिक्षा थांबली. हेमाताई उतरल्या, निळी सुती साडी, हातात डबा. आणि त्यांच्या मागून, काठी आधी बाहेर टेकवत, धोतर-कोट-काळी टोपी घातलेले एक ताठ म्हातारे गृहस्थ उतरले.

"माझे सासरे," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर पदर होता. "हे गावाला गेलेत. घरी कोणी नाही." हे म्हणजे त्यांचे यजमान, माधवराव.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगलीत रिसबूड मास्तर म्हणजे हेडमास्तर रिसबूड. त्यांच्या शाळेतून बाहेर पडलेली पन्नाशीची माणसंही त्यांना रस्त्यात पाहून सायकलवरून उतरत. मी त्या शाळेचा नव्हतो, तरी हातातली सिगारेट मी मागे टाकली.

"रेकॉर्डिंग कुठे होतं?" त्यांनी विचारलं.

"आत, सर. तुम्ही इथे व्हरांड्यात बसा. बाकावर वारा येतो."

स्टुडिओ जुनाच होता. एकाहत्तरची तबकडीही याच खोलीत झालेली. आत जायला दोन दारं होती. एक रेकॉर्डिस्टच्या काचेच्या खोलीतून, त्याच्यावर लाल दिवा. दुसरं व्हरांड्यातून थेट आत, मोठी वाद्यं आणायला केलेलं, त्याच्यावर दिवा नव्हता. म्हातारे त्या दुसऱ्या दाराशेजारच्या बाकावर बसले आणि काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली.

तालमीला ताईंनी तोंड उघडलं आणि मी माझी ओळ विसरलो. आवाज थोडा जाड झाला होता, पण तोच होता. दहा वर्षं ऑर्केस्ट्रात आमच्या मुली ज्याची नक्कल करायच्या तो आवाज माझ्यापासून चार हातांवर उभा होता. दोन कडवी सुरेख झाली. तिसऱ्यात मी विचारलं, 'सांग ना, परत कधी येशील?' आणि ताई शांतपणे गप्प राहिल्या, सोळा मात्रा बोटांवर मोजत. काचेपलीकडे शेठ रेकॉर्डिस्टला काहीतरी विचारताना दिसले.

मी तालीम तिथेच थांबवून काही बोलणार, एवढ्यात शेठच आत आले. हातात कार्ड होतं.

"बाई, बघा तरी तुमचं नाव किती ठसठशीत घेतलंय."

ताईंनी चष्मा लावला. वाचलं. चेहरा होता तसाच राहिला.

"कागद चांगला वापरलाय," त्या म्हणाल्या. शेठ खूश होऊन परत गेले. दार लागल्यावर ताईंनी मला ड्रमच्या पलीकडच्या कोपऱ्यात बोलावलं.

"माझं-तुझं काय ठरलं होतं?"

"जसं होतं तसंच."

"मग हे?"

"माझं नाव छापलंय, ताई," मी म्हणालो. "आयुष्यात पहिल्यांदा. ओळ नसली तर शेठ कॅसेट काढायचे नाहीत. मी त्यांना शब्द देऊन बसलोय."

"माझा शब्द."

"हो."

"उस्मानचाचांनी असं केलं नसतं."

"नसतं केलं," मी म्हणालो, आणि मला रडू येईल असं वाटलं.

ताईंनी ड्रमच्या कडेवर बोट फिरवलं. मग बोलल्या तेव्हा आवाज एकदम खाली आला होता.

"ती ओळ का राहिली, ठाऊक आहे तुला?"

"नाही. अब्बा सांगायचे नाहीत."

"चांगली माणसं होती सगळी. कोणी बोललं नाही कुठे." त्यांनी मानेनं व्हरांड्याकडचं दार दाखवलं. "गाणं मध्यावर आलेलं. सॅम्युएलनं विचारलं, परत कधी येशील. मी श्वास घेतला आणि ते दार उघडलं. दारात मामंजी. घरी मी सांगितलं होतं, पुण्याला मावशीकडे जाते. ह्यांना खरं माहीत होतं, मामंजींना नाही. आमच्या घरात ते समोर आले की पदर डोक्यावर जायचा आणि बोलणं बंद व्हायचं. कोणी शिकवायला लागत नाही ते. माझा हात वर गेला आणि ओळ घशात राहिली."

"मग?"

"मग ते वळले आणि निघून गेले. सॅम्युएल हुशार, त्यानं पुढची ओळ उचलली. टेप संपत आलेली, दुसरी नव्हती. तेच ठेवलं."

"घरी काय म्हणाले?"

"काही नाही. अजीज, एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी गेले, त्यांना वाढलं, ते जेवले. पेपर वाचला. बोलले असते तर मी रडले तरी असते, माफी तरी मागितली असती. आठ दिवसांनी मीच तानपुरा माळ्यावर टाकला. त्यानंतर त्या घरात मी गायले नाही. पोरांना झोपवताना थोपटायची नुसती."

"मग आज त्यांना कशाला आणलंत?"

"मी आणलं? ते आले. कळल्याबरोबर म्हणाले, मी येणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस सहा तास एसटीत बसून येतो, ते कशाला येतो, तूच सांग."

मी व्हरांड्याकडच्या दाराकडे पाहिलं.

"मला ती ओळ गायची नाही असं नाही," ताई म्हणाल्या. "पण ते तिथे बसलेत तोवर ती बाहेर पडायची नाही. माझ्या हातात नाही ते."

म्हणजे एवढंच करायचं होतं. म्हाताऱ्यांना तासभर कुठेतरी घालवायचं. मी व्हरांड्यात गेलो.

"सर, सारसबागेत जाऊन येता का? गणपतीचं दर्शन होईल. रिक्षा आणतो."

"दर्शन मी घरून निघताना घेतलंय."

"मग चहा? कोपऱ्यावरच्या हॉटेलात चांगला मिळतो."

"चहा मी दोनदाच घेतो. झालाय."

"इथे तुमच्या अंगावर ऊन यायला लागलंय."

"येऊ दे," ते म्हणाले. मग काठीवरची पकड बदलून त्यांनीच विचारलं, "हेमलता आत कुठे उभी राहते?"

"डाव्या बाजूला."

"या दाराकडे तोंड करून?"

"हो."

"तेव्हाही तशीच होती." ते दाराकडे बघत राहिले. "इथून आतलं ऐकू येतं?"

"नाही, सर. भिंतींना आतून गाद्या मारल्यात."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तिसरं कडवं साधारण किती वाजता होईल?"

म्हातारा पूर्ण तयारीनिशी आला होता. मी "सांगता येत नाही" असं काहीतरी पुटपुटून आत आलो आणि त्या दाराला आतून कडी घातली.

पहिला टेक दोन वाजता झाला. ती जागा आली आणि ताई गप्प राहिल्या. काचेपलीकडून स्पीकरवर शेठ म्हणाले, "बाई, ओळ राहिली." दुसरा टेक अडीचला. पुन्हा तेच. या खेपेस त्यांनी प्रयत्न केलेला मला दिसला. ओठ उघडले, मान दाराकडे गेली, ओठ मिटले.

शेठनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. "काय चाललंय हे?"

"बाई आवाज राखून ठेवतायत, शेठ. शेवटच्या टेकला लावतील."

"अजीजभाई, कार्ड पाच हजार छापलंय. ओळ आली नाही तर कॅसेट नाही. आणि पुन्हा माझ्या दारात यायचं नाही, मी साफ सांगतो."

मधे सतारीची तार तुटली, ती बदलून सगळं लावून होईपर्यंत साडेतीन वाजून गेले. भजनवाले काचेपलीकडे येऊन बसले होते. मी ताईंपुढे हात जोडले. त्या माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होत्या.

"ती कडी तू घातलीस?"

"हो."

"काढ."

"ताई, ते आत येतील."

"येतील किंवा नाही येणार. पण घरातलं वडील माणूस बाहेर बसलंय आणि तू त्यांच्या तोंडावर कडी लावतोस? दोन टेक मी त्या कडीकडेच बघत गायलेय. काढ आधी."

अशा माणसापुढे काय करणार? ज्यांच्या धाकानं गाणं गेलं, त्यांच्यासाठीच या कडी काढायला सांगत होत्या. मी हात टेकले. कडी काढली, दार बोटभर उघडंच राहिलं, आणि जागेवर येऊन उभा राहिलो. आता सगळं संपलं असं मला आतून वाटत होतं, आणि गंमत म्हणजे त्यामुळे माझा आवाज बरा लागला.

लाल दिवा लागला. गिटार घुमली, सतारीनं ती वाकडी वाट धरली, आणि आम्ही सुरू केलं. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. दाराकडे माझी पाठ होती, म्हणून मी ताईंच्या चेहऱ्याकडे बघत गात होतो. तिसरं कडवं सुरू झालं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. माझ्या मागून थंड हवेचा झोत आल्यासारखा झाला, मग काठी टेकल्याचा बारीक आवाज, एकदा, दोनदा, ठेक्याच्या मधेमधे. मी गाणं सोडलं नाही. ऑर्केस्ट्रात एक गोष्ट शिकलो होतो, स्टेजला आग लागली तरी ओळ पुरी करायची.

'सांग ना, परत कधी येशील?' मी विचारलं.

ताईंचा हात वर गेला. पदर डोक्यावर आला. ओठ मिटले. सतारीचं आवर्तन सुरू झालं, आणि रिसबूड मास्तर माझ्या बाजूनं पुढे होऊन सुनेच्या माइकसमोर उभे राहिले. टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती. ते एकदा खोकले. मग म्हणाले,

'मी इथेच होते, हाक तेवढी मार.'

सुरात नव्हतं. पण तालात होतं. वर्गात कविता म्हणून घेतात तसं, शब्द शब्द सुटा, शेवटच्या मात्रेवर नेमकं संपलेलं.

मला पुढची ओळ होती. 'बरं, मग दार उघडंच ठेवतो.' ती मी कशी म्हटली मला आठवत नाही. टेपवर ऐकलं तर आवाज फाटलाय. मग ताईंचं शेवटचं कडवं. त्या सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत गायल्या, डोक्यावरचा पदर तसाच ठेवून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, आणि एक सूर हलला नाही. म्हातारे पूर्ण वेळ मान खाली घालून ऐकत होते.

लाल दिवा गेला. स्पीकर खरखरला. "कोण आलं मधे? काय आहे हे? बारा मिनिटं आहेत अजून. त्यांना बाहेर बसवा आणि तेवढी ओळ बाईंकडून घ्या. नुसतं तिसरं कडवं घ्या."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"तू सांगशील तसं," त्या हळूच म्हणाल्या. "आता निघेल. म्हणेन मी."

म्हणजे सगळं जमलं होतं. शेठना ओळ मिळणार होती, ती ताईंच्या आवाजात, आणि कार्डावर माझं नाव. फक्त एक टेक. आणि तेवढ्यात म्हाताऱ्यांनी माझ्या दंडाला हात लावला.

"पुन्हा चुकलं का माझं?" त्यांनी विचारलं. "परत मधे आलो का मी?"

हेडमास्तर रिसबूड मला विचारत होते. मी तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि दिवसभर मी किती मूर्खासारखा वागलो ते मला कळलं.

"नाही, सर," मी म्हणालो. "बरोबर आलात. तिथेच यायचं होतं."

मग काचेकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "शेठ, हाच टेक ठेवायचा. दुसरा होणार नाही."

शेठ आत आले. ते ओरडले नाहीत, ते ओरडणाऱ्यांपैकी नव्हते. "कार्डावर छापलंय, मूळ गायिकेच्या आवाजात. हा आवाज कोणाचा? मला पट्टी चिकटवावी लागेल."

"चिकटवा."

"मग दोन चिकटवीन. एक वर, एक खाली तुमच्या नावावर."

"चिकटवा," मी म्हणालो. चार वाजले आणि भजनवाले टाळ घेऊन आत आले.

मी ताईंचा डबा घेऊन त्यांच्यामागे बाहेर पडलो. रिक्षा यायची होती. व्हरांड्याच्या पायरीवर दोघं शेजारीशेजारी उभी होती. मग मास्तर रस्त्याकडे बघत म्हणाले,

"त्या दिवशी मी गाणं ऐकायला आलो होतो."

ताईंनी वळून पाहिलं.

"माधवकडून काढून घेतलं होतं मी, कुठे आहे ते. त्याला म्हटलं, हेमलताला सांगू नकोस. हेडमास्तर असली गाणी ऐकायला जातो म्हटल्यावर लोक हसले असते. म्हणून चोरून आलो. दार चुकलो. तू मला बघितलंस आणि थांबलीस."

"तुम्ही वळून गेलात."

"तू थांबलीस म्हणून गेलो. वाटलं, मी आलेलं हिला नको आहे. त्यात गाणंही बिघडवलं. तोंड काय दाखवायचं?" काठीनं त्यांनी पायरीवरचा खडा बाजूला केला. "मग तू गाणंच सोडलंस. मला वाटलं, माझ्यावर रागावून."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात." ताई म्हणाल्या. "मामंजी, एकदा विचारायचं ना."

"चाळीस वर्षं पोरांना सांगत होतो, समजलं नाही तर हात वर करा आणि विचारा," मास्तर म्हणाले. "मला स्वतःला जमलं नाही."

"आणि ओळ? ओळ कशी ठाऊक तुम्हाला?"

"पोळ्या लाटताना म्हणायचीस की. महिनाभर तेच चाललं होतं. मी बाहेर पेपर धरून बसायचो. तास तास एकच पान."

ताईंनी हसायला तोंड उघडलं आणि त्यांना हुंदका आला. पदर सरकून खांद्यावर पडला. तो त्यांनी वर घेतला नाही, आणि मास्तरांनीही काही म्हटलं नाही. रिक्षा आली.

मास्तर पुढे चार वर्षं होते. ताई त्यांना रोज संध्याकाळी गाऊन दाखवत, हे मला त्यांच्याच पत्रातून कळलं. कॅसेट निघाली ती दोन पट्ट्या लावून. ती खूप खपली, पण शेठच्या दारात मी पुन्हा गेलो नाही. मिरजेला परत येऊन अब्बांच्या सतारींच्या दुकानात बसलो. अजून कोणाकडे ती डबी सापडली तर मी नखानं खालची पट्टी उचकटून बघतो.

गेल्या वर्षी नातीच्या नर्सिंग कॉलेजचं गॅदरिंग होतं. पडदा वर गेला आणि 'जांभळं ऊन' सुरू झालं. हल्लीच्या पद्धतीनं, ढोलाच्या दणक्यात, पण गाणं तेच. तिसऱ्या कडव्यात मुलानं विचारलं, 'परत कधी येशील?' गाणारी मुलगी गप्प झाली, तिनं ओढणी डोक्यावर घेतली, आणि विंगेतून पांढऱ्या मिशा लावलेली एक सडपातळ पोरगी काठी टेकत आली. माइकसमोर थांबून तिनं टोपी काढली. पदराचं आणि टोपीचं नातीनं माझ्याकडूनच ऐकलेलं. आधी ती खोकली. अगदी तोच खोकला, कोरडा, एकदाच. मग चिरक्या आवाजात, शब्द शब्द सुटा करून ती ओळ म्हणाली. सगळा हॉल तिच्याबरोबर म्हणत होता.

माझ्या शेजारी कॉलेजचे प्राचार्य बसले होते. माझ्याकडे झुकून ते म्हणाले, "फार खोल गाणं आहे, सतारमेकरसाहेब. हा म्हातारा म्हणजे काळ. ती त्याच्यापुढे अबोल होते. माणसाचं उत्तर काळच देतो, असं सुचवलंय. तुम्ही या क्षेत्रातले, तुम्हाला काय वाटतं?"

मी स्टेजकडे बघत होतो. ती पोरगी टोपी हातात धरून, मान खाली घालून शेवटचं कडवं ऐकत उभी होती.

"त्याला गाणं ऐकायचं होतं," मी म्हणालो.